पंपाच्या खोलीतला रेकॉर्डर

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत कॅमेरे बसले ते चोर पकडायला नव्हे, शेजारच्या सोसायटीत बसले म्हणून. हे मी तेव्हाही म्हणायचो, फक्त घरात, दार लावून. कारण मी भाडोत्री. ज्याच्या नावावर फ्लॅट नाही त्याला त्या इमारतीत मत नसतं, आणि मत नसलेल्या माणसाने विनोद केलेले तर मालकांना मुळीच चालत नाहीत.

उद्घाटन अर्थातच अध्यक्षांच्या हस्ते झालं. मुंबईतल्या कुठल्याशा कचेरीत आयुष्यभर वरिष्ठांपुढे मान डोलावून निवृत्त झालेला हा गृहस्थ. निवृत्तीनंतर त्याला अचानक स्वतःचा आवाज सापडला आणि तो आमच्यावर वापरायला त्याने सुरुवात केली. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पेढे वाटले. पेढ्यांचा खोका घेऊन सेक्रेटरी प्रत्येक दारी गेला. आमच्या दारी आला तेव्हा खोका रिकामा होता. "तुम्ही तळमजल्यावर ना, शेवटी राहिलात," म्हणाला.

आता इतका पूजलेला रेकॉर्डर ठेवायचा कुठे? कमिटीने बराच खल करून पंपाची खोली निवडली. तिथे आयता स्विचबोर्ड होता, म्हणजे वायरीचा खर्च वाचला. पंपाच्याच बोर्डावर, पंपाच्याच लाइनवर रेकॉर्डर जोडला. त्याच्याभोवती प्लायवूडची पेटी केली, पेटीला कुलूप लावलं, आणि अध्यक्षीणबाईंनी विणलेलं क्रोशाचं आच्छादन आत रेकॉर्डरवर घातलं. घरातल्या टीव्हीला, मिक्सरला, फ्रिजच्या मुठीला कपडे घालणारी ही माणसं. रेकॉर्डरला उघडा कसा ठेवतील?

रेकॉर्डर सारखा बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला. बंद पडला की उठून उभा राहायला त्याला काही मिनिटं लागत, आणि पडण्याआधीचं शेवटचं चित्रणही पुसलं जाई. कॅमेरेवाला येऊन बघे तेव्हा तो छान चालू असे. त्याने 'आत व्हायरस आहे' म्हणून डिस्क बदलली. सेक्रेटरीने पालीवर संशय घेतला. अध्यक्षांनी दारावर लिंबूमिरची बांधली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एरवी मला या तमाशाचं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्याच सुमारास पाणी चोरीला जायला लागलं.

आमच्या इमारतीला दोन विंग. जमिनीतल्या टाकीत जे काय नळाचं आणि टँकरचं पाणी पडे, ते पंपवाला सकाळ-संध्याकाळ दोन्ही गच्च्यांवर वाटून चढवायचा. आता मधेच, दुपारी सगळे आडवे झाले की, कोणीतरी पाइपाची चावी ए विंगकडे फिरवून पंप लावत होतं; गच्चीवरची टाकी भरली की तो आपोआप थांबे. संध्याकाळी बी विंगचे नळ कोरडे. पंपवाला जवळच्या गावातला, जुना माणूस. त्याला विचारलं तर म्हणाला, "मी चढवलेलं पानी मला ठावं नाय का? दुपारचा पंप माजा नाय." आणि पुढे तोंड मिटून बसला. नोकरी त्यालाही सांभाळायची होती.

मग चोर कोण? आम्ही ए विंगमध्ये. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पंपाच्या खोलीला लागून. खोलीचं कुलूप नुसतं शोभेचं, कडी ओढली की सुटायची. आणि आम्ही भाडोत्री. एवढे पुरावे असल्यावर चौकशी करायची गरजच काय? अध्यक्षांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "हे बघा, तुमचं अ‍ॅग्रीमेंट मे महिन्यात संपतंय. सोसायटीच्या एनओसीशिवाय ते पुढे जात नाही. रेकॉर्डिंग असतं तर तुम्हालाच बरं झालं असतं, पण मशीनच धड नाही. आता लोक बोलतात त्याला मी काय करू?"

मला चिंता पाण्याची नव्हती, आईची होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून आई वॉकर घेऊन चालत होती. या गावातल्या चार मजली इमारतींना लिफ्ट नाही आणि तळमजल्याचं घर भाड्याने कोणी देत नाही. तिथे दुकान काढतात नाहीतर दवाखाना. हे घर मला फिरून फिरून मिळालं होतं. आई रोज संध्याकाळी वॉकर टेकत फाटकापर्यंत जायची, दगडी कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची विचारपूस करायची आणि मला येताना बघून "आज उशीर केलास" म्हणायची. हे घर गेलं की हे सगळं जाणार होतं.

"मी बघतो मशीन," मी म्हणालो.

अध्यक्ष हसला. "तुम्ही? एवढा कॅमेरेवाला थकला!"

मी वालीवला एका कारखान्यात ट्रान्सफॉर्मर तपासायचं काम करत होतो. हे त्याला माहीत होतं, पण वालीवला जाणारा माणूस म्हणजे हमाल, अशी त्याची ठाम समजूत होती. तरी सेक्रेटरीने किल्ली दिली, कारण फुकटात होतंय ते कोणाला नको असतं?

रविवारी मी मीटर घेऊन पंपाच्या खोलीत बसलो. पहिल्यांदा ते क्रोशाचं आच्छादन काढलं; खालचा डबा तव्यासारखा तापला होता. पेटीचं दार उघडं ठेवून वारा दिला. तो मजेत चालू. अडॅप्टर बदलला, तरी चालू. डिस्क काढून नुसता चालवला, तरीही तेच; माझ्यासमोर पडायला तयार नाही. मग संध्याकाळी पंपवाला आला, त्याने पंपाचा खटका दाबला, दिवा मिणमिणला, माझ्या मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला आणि रेकॉर्डरने डोळे मिटले. झालं. त्यात व्हायरस नव्हता, पाल नव्हती. पंप उठताना लाइनमधलं सगळं बळ ओढून घ्यायचा आणि रेकॉर्डर उपाशी मरायचा. म्हणजे पाणीचोर पंप लावताच त्याच्याकडे बघणारा डोळा आपोआप झाकला जात होता. हे चोराने योजलं होतं का? छे! तेवढी अक्कल त्या इमारतीत कोणालाच नव्हती. हा सगळा वायरीचे पैसे वाचवणाऱ्या कमिटीचा पराक्रम.

खोलीत दुसरी लाइन नव्हती. म्हणून मी आमच्या स्वयंपाकघरातल्या प्लगमधून, खिडकीच्या गजातून वायर काढली आणि रेकॉर्डर त्यावर जोडला. सेक्रेटरीला दाखवून, त्याच्यासमोर पेटीला कुलूप लावून किल्ली परत दिली. मला वाटलं, मी शहाणपणा केला.

दोनच दिवसांत बी विंगचे नळ पुन्हा कोरडे पडले. सेक्रेटरीने सगळ्यांना आपल्या घरी बोलावून टीव्हीला रेकॉर्डर जोडला. चित्र स्वच्छ दिसत होतं. दुपारची उन्हं, पंपाच्या खोलीचं बंद दार, आणि मग गंजीफ्रॉक आणि चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घातलेले, आमच्याच ए विंगमध्ये राहणारे अध्यक्ष. खांद्यावर टॉवेल. इकडेतिकडे बघितलं, कडी ओढली, आत गेले. मिनिटभरात पोट खाजवत बाहेर आले आणि अगदी कॅमेऱ्याखाली उभं राहून जांभई दिली.

 मला वाटलं, आता हा माणूस जमिनीत गडप होईल. पण लाज वाटायला आधी ती असावी लागते. अध्यक्ष उठला, चष्मा सारखा केला आणि म्हणाला, "तिथे मशीनला करंट कुठून येत होता?"

"यांच्या घरातून," सेक्रेटरीने माझ्याकडे बोट केलं.

"मग संपलंच की! ज्याच्या घरातला करंट, त्याच्या बाजूचंच मशीन दाखवणार!"

मी हसलो. मला खरंच वाटलं, आता सगळे हसतील. पण कोणी हसलं नाही. बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाने पटल्यासारखी मान हलवली. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "हो ना, पेटी यांनीच उघडली होती, काहीतरी केलं असेलच." मी म्हणालो, "अहो, करंट कुठूनही आला तरी तोच असतो! माझ्या घरातल्या करंटला माझं आडनाव नसतं!" त्यावर बी विंगचा, ज्याचा नळ रोज कोरडा पडत होता असा एक जण मला म्हणाला, "तुम्ही आवाज चढवू नका, साहेब वयाने मोठे आहेत."

तेव्हा मला त्या माणसांची किळस आली. चोराची नव्हे, चोर निदान पाण्यासाठी चोरी करत होता. हे लोक फुकट आंधळे झाले होते. उद्या अध्यक्षाशिवाय कोण पळेल पालिकेत, कोण बोलावेल टँकर, एवढ्या हिशेबावर त्यांनी डोळ्यांना दिसलेलं पुसून टाकलं. रेकॉर्डर निदान करंट गेल्यावर बंद पडायचा. ही माणसं चालू करंटमध्ये बंद पडली.

घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "अरे, मग तू दुरुस्त कशाला केलंस? बिघडलेलं होतं तोवर नुसता संशय तरी होता." 

एनओसी मिळाली नाही. मे महिन्यात नायगावला घर मिळालं, तिसऱ्या मजल्यावर. आईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून मी आणि टेम्पोवाल्याने उचलून वर नेलं. प्रत्येक वळणावर ती म्हणत होती, "दमलात का रे? टेकवा जरा." वर पोचल्यावर तिने वॉकर मागितला, दारापर्यंत आली, वाकून जिना बघितला आणि वॉकर माझ्या हातात दिला. म्हणाली, "ठेव आत. इथे काय उपयोग?"

त्या अध्यक्षाला मी माफ केलेलं नाही, मान हलवणाऱ्यांना तर मुळीच नाही. आई त्या घरातून पुन्हा आपल्या पायांनी खाली उतरली नाही.