मिठाची बरणी

काल शंकर नगरात भाचीच्या हळदीला गेले. ओल्या बेसन-हळदीचा वास आला आणि मी मांडवातून उठून बाहेर आले.

तेव्हा आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला, माधुरीला, पाहायला नागपूरचे पाहुणे येणार होते. वर्षभरात ती वाळली होती, काळवंडली होती. हिरड्यासुद्धा काळ्या पडल्या होत्या. उभी राहिली की भोवळ यायची. त्या दुपारी अंगणात बसवून मी तिच्या कोपरांना बेसन-हळद रगडत होते.

"ताई, मले चिमूटभर मीठ दे ना."

"काहून दिवसभर मीठ खाऊन राहिली? त्यानंच काळी पडली तू!" मी बरणी वरच्या फळीवर ठेवली.

"हव," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं, तिथंच ती वारली. डॉक्टर म्हणाले, किडनीवरच्या ग्रंथी निकामी झाल्या होत्या. रंग त्यानंच बदलला, अंगातलं मीठ त्यामुळेच निघून जात होतं. आजार वेळेत कळला असता तर रोजच्या गोळ्यांवर ती जगली असती.

तेरवीच्या स्वयंपाकाला मीठ लागलं. फळीवरची बरणी मीच खाली काढली.