शिजवलेलं बेणं

हसा भाऊ, पोटभर हसा, पण आधी पुरतं आयकून घ्या. असा गाढवपणा पिपरी मेघेत दुसऱ्या कोणी केला असन, तं मी माझं नाव बदलून टाकतो!

आमची प्राची बँकेत नोकरीले. चार-चार महिने तिची पाळीच येत नाई. डॉक्टरीनबाईनं सोनोग्राफी करून सांगतलं, पीसीओएस आहे. पण हे मले सांगाचं कोणी? मायलेकी सयपाकघरात कुजबुजत, अन् मी आत गेलो का दोघी भाजीच्या भावावर येत. बायकोनं मले सांगतलं ते बी कानात.

मंग प्राचीनं मैत्रिणीच्या ओळखीनं कलकत्त्याच्या एका चिनी वैद्याची जडीबुटी मागवली. पार्सल आलं तवा ती पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगसाठी नागपूरले गेलती.

"त्याले हात नोका लावू बरं," बायको म्हणे.

मी आयकतो काय? फोडलं! आत पुड्या, अन् पुड्यांत वाळलेल्या मुळ्या, काड्या, साली. माझ्या डोक्यात उजेड पडला. आपण वायगावकडचे, आजापणजापासून हळद पिकवणारे. बेणं घरात आलं, तं दर महिन्याले चीनच्या तोंडाकडे काऊन पाहाचं? मागच्या अंगणात मस्त सऱ्या काढल्या अन् महिन्याभराचं औषध लावून टाकलं!

आठव्या दिवशी हिरवेगार कोंब! मले तं बाप्पा, आभाळ ठेंगणं झालं. शेजारच्या कुसुमवहिनीले कुंपणापाशी बोलावलं.

"वहिनी, हे चिनी औषध व्हय. तुमच्या सुनेले बी देतो."

"कायचं औषध, भाऊजी?"

"पाळीचं! आमच्या प्राचीले लागते ना."

जे पोरीनं बापाले सांगतलं नोतं, ते बापानं कुंपणावरून सांगून टाकलं! वहिनीनं वाकून एक पान चुरगळलं, वास घेतला.

"भाऊजी, हा तं रानात आपोआप उगवणारा तरोटा व्हय. कालच याची भाजी केलती आम्ही."

प्राची नागपूरहून आली, तवर वहिनीनं ही गोष्ट गल्लीभर केलती. तिनं उकरून पाह्यलं. मुळ्या साऱ्या सडलेल्या.

"बाबा, हे वाफवून वाळवलेलं होतं. आजोबा शिजवलेली हळद लावत होते का?"

घ्या! हळदवाल्याच्या पोराले हा सवाल! मले वाटलं, आता हसन. ती हसली नाई.

"औषध गेलं तं गेलं. साऱ्या गल्लीले सांगतलं तुम्ही. मले एकदा तरी इचारलं का, प्राची, तुले काय होते म्हणून?"

नोतं इचारलं, भाऊ. दोन वर्षं पोट्टी एकटीच सोसून राह्यली होती, अन् मले कोंबाचं कौतुक! त्या दिवसापासून मले जेवण गोड लागत नाई. मंग इचारलं मी एकदा, घाबरत घाबरत. "बरं आहे," म्हणाली अन् चप्पल घालून ऑफिसले गेली.

काल दुसरं पार्सल आलं. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'फक्त आईच्या हाती द्यावे.'

"काकू आहेत का घरी?" कुरिअरवाल्यानं इचारलं.

"नाई, बाजारात गेली."

"मंग तुम्ही कोण?"

खोटं बोलाची लय इच्छा झाली. पण म्हटलं, "मी बाप."

त्यानं पार्सल परत पिशवीत टाकलं अन् गाडी वळवली.