दहापैकी चार

छापखान्यात बसून वर्षानुवर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या ताईला पुढे शिकायची हुक्की आली. शिफारसपत्रासाठी तिनं कॉलेजातल्या जुन्या सरांचं दार ठोठावलं.

"तूच लिहून आण, मी सही ठोकतो," सर म्हणाले.

ती उडालीच! एक उसनं वाक्य सापडलं की निबंध टराटरा फाडणारे ते हेच सर?

स्वतःची स्तुती लिहिताना तिला घाम फुटला. 'मेहनती, आज्ञाधारक' असं कसंबसं खरडून तिनं कागद पुढे केला. सरांचा हात सवयीनं लाल पेनाकडे गेला.

कागद परत आला, त्यावर सही नव्हतीच. वर लाल शाईत 'दहापैकी चार' लिहिलं होतं. खाली शेरा होता: "आज्ञाधारक? माझ्याशी भर वर्गात भांडणारी मुलगी कुठे गेली? तिच्याबद्दल लिहून आण."