मुहूर्ताची पावती

वणीजवळच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाच्या पावत्या अजूनही जुन्या युनिक्स मशीनवर निघतात. काल मी पावतीत ओलाव्याचा रकाना घातला होता. त्यात एक चूक राहिली, म्हणून आज सकाळी ती दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा तयार करायला सांगितला. मशीनचं उत्तर आलं, सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. पावती चुकीचीच निघत राहिली.

बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. काट्यावरचे काका घाम पुसत म्हणाले, "ताई, शेटजी म्हणते, पावती अडली तर मशीनसंगं तुमालेही काढतो."

मी नेहमीसारखं सोप्यापासून तपासत गेले. डिस्कवर जागा होती, परवानग्या ठीक होत्या. मशीनचं घड्याळ मात्र परवाची तारीख दाखवत होतं.

"काका, तारीख कोणी बदलली?"

"मीच. परवा खरेदीचा मुहूर्त होता अन् लाइनच नव्हती, मशीन बंद. मंग आज पहिली पावती मुहूर्ताच्या तारखेनं काढली. घड्याळ परत पुढं करायचं राह्यलं."

मशीन फायलींच्या तारखा पाहून काम ठरवतं. माझी आजची दुरुस्ती त्याच्या लेखी परवाची, म्हणजे कालच्या प्रोग्रामहून जुनी होती. मी घड्याळ नीट केलं, फाइलवर आजची तारीख घातली आणि पावती बरोबर निघाली.

तेवढ्यात शेटजी आले. "काय झालतं?"

"घड्याळ मागं गेलं होतं," मी म्हणाले.

"अन् मुहूर्ताची पावती?"

काकांनी ती पुढे केली. शेटजींनी तारीख वाचली, काकांकडे पाहिलं आणि पावती लक्ष्मीच्या फोटोपुढे ठेवली.

"घ्या गाड्या आत," ते काकांना म्हणाले.