चिमटा पुसलास का?

डनेडिन शहरातल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत इमोजेनच्या टेबलासमोरची भिंत अभ्यासाच्या चिठ्ठ्यांनी भरली होती. पॅथॉलॉजीच्या पायाभूत परीक्षेत ती दोनदा आपटली होती. ही तिसरी खेप, शेवटची. यंदा गेली की प्रशिक्षणातून बाहेर. म्हणून हाताने रुग्णांच्या शरीरातून काढलेले नमुने कापायचे आणि तोंडाने धडे घोकायचे, असं तिचं चाललेलं.

शेजारच्या टेबलावर ब्रॉन्विन. एकतीस वर्षं हेच काम केलेली तंत्रज्ञ. दर नमुन्यानंतर तिचं एकच टुमणं, "चिमटा पुसलास का, पोरी?"

"पुसला गं बाई, पुसला!"

"मला नको सांगूस, चिमट्याला सांग. डोळे तर भिंतीवरच आहेत तुझे."

इमोजेनला त्या टुमण्याचा अगदी वीट आला होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी तिच्यापुढे शस्त्रक्रियेत काढलेला एक स्तन आला. नोलीन टॅपर, वय चव्वेचाळीस. तीन आठवड्यांपूर्वी सुईने काढलेल्या तिच्या बारीक तुकड्यांत कर्करोग सापडला होता. इमोजेनने पातळ काप केले. गाठ दिसेना. आणखी पातळ केले, बोटांनी चाचपलं. नुसती पिवळी चरबी.

"बारकी असेल, नीट बघ," ब्रॉन्विन म्हणाली.

इमोजेनने जुनी नोंद काढली. ते तुकडेही तिनेच हाताळले होते, आणि त्याआधी एका दुसऱ्या बाईची दगडासारखी गाठ कापली होती. त्या दिवशी ती रक्त गोठण्याचे टप्पे घोकत होती. ब्रॉन्विनने विचारलं, तेव्हा ती न बघताच "पुसला" म्हणाली होती. पुसला नव्हता.

अहवालांवर सही करणाऱ्या डॉ. मॅकअलिस्टरना तिने सगळं सांगितलं. त्यांनी त्या तुकड्यांची जुनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि कडेपर्यंत सरकवत नेली.

"कर्करोगाचा कण कडेला, वेगळा पडलाय. आधीच्या बाईच्या गाठीचा, चिमट्यातून आलेला," ते म्हणाले. "मलाही दिसायला हवा होता. सही माझी आहे. टॅपरबाईंना मी सांगतो. तू उद्या पेपर दे."

"कुठल्या तोंडाने देऊ?"

"नाही दिलास, तर त्यांचं काय परत येणार आहे?"

तिने पेपर दिला. सत्तावन्नावा प्रश्न होता: काचपट्टीच्या कडेला न जुळणारा कण दिसल्यास सर्वांत संभाव्य कारण कोणतं? हा धडा तिने दोन्ही वेळा सोपा म्हणून गाळला होता. आज चारही पर्याय वाचायची गरज पडली नाही. तिने 'न पुसलेला चिमटा' यावर खूण केली. एक गुण पक्का झाला, आणि तिला स्वतःची किळस आली.