पिठीतली गोळी

अख्ख्या भांडुपात कबड्डीच्या पोरींना माझ्यासारखा डॉक्टर नाही. आता चौथीतून शाळा सोडली, औषधाच्या पाकिटावरचं वाचता येत नाही, तेवढं सोडा. कुळथाच्या पिठीला लसणाची फोडणी पडली की मला ती सकाळ आठवते. भाचीच्या कॉलेजची फायनल होती, चांगली खेळली तर जिल्ह्याच्या टीममध्ये जाणार, आणि नेमकं तिचं नाक गच्च. मी गरम पिठी केली, वर सर्दीची गोळी कुटून टाकली. मैदानावर वाटी संपवून ती म्हणाली, "मामा, कडू का लागतेय रे?" मी छाती फुगवून सांगितलं. ती तशीच उठली, माझ्या खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढून टीमच्या कोच सरांकडे गेली. सरांचं तोंडच उतरलं. "हे औषध मॅचच्या दिवशी चालत नाही गं, डोपिंगमध्ये धरतात. पण आज टेस्ट कुणाचीच नाही. खेळ तू." ती म्हणाली, "टेस्ट नाही म्हणून चालतं काय सर? सक्तीनं सगळ्यांची करा, पहिली माझी." आणि बूट काढून बाकावर बसली. टीम दोन पॉइंटनी हरली, तिची निवड गेली. मी ढसाढसा रडलो, तर तिनंच मला रुमाल दिला. एवढीशी पोर, पण माझी मान वर होईना. आता ती स्वतः पोरींना शिकवते. मी पिठीचा डबा नेला की सगळ्यांसमोर म्हणते, "मामा, आधी तू खा. अर्ध्या तासानं आम्ही बघू."