खवल्याचं शेपूट आणि माझी गादी

नथ्थू,

तुझं शेपूट माझ्या ओसरीत पडलंय आणि त्यावर मांजर व्यायलंय. तू गेल्यावर तुझ्या बायकोने, निर्मलाबाईने, ते हातगाडीवर घालून दारात आणलं आणि म्हणाली, "वहिनी, तुम्हनं तुम्हले." तुमचं तुम्हाला! हिरवा ऑइलपेंट फासलेलं, माणसापेक्षा लांब, गोणपाटाचं शेपूट. कोणाच्या घरात असं काही परत येतं?

तुझ्या दहाव्याला लोक बोलायला उभे राहिले तेव्हा वाटलं, मी चुकीच्या दहाव्याला आले. शांत काय, मितभाषी काय! अरे, तू चक्कीवाला. उभा जन्म चक्कीच्या घरघरीवर ओरडण्यात गेला, त्यामुळे चक्की बंद असली तरी तू ओरडूनच बोलायचास. कोणाच्या घरी बाजरी जास्त जाते, कोणाची सून माहेराहून अजून आली नाही, हे अख्ख्या म्हसावदला तुझ्यामुळे कळायचं. म्हणून आता मी बोलते आणि तू ऐक. मधे तोंड घालायची तुझी सोय राहिलेली नाही.

तर चंदन. लग्नाची शूटिंग करणारा, तिथी नसल्या की हात चोळत बसणारा. त्याच्या डोक्यात आलं, की अहिराणीत भुताचा पिच्चर काढावा. भूतही साधं नको, तापीच्या डोहातून येणारं, अंगभर खवले असलेलं जनावर हवं. नाव 'खवल्या'. आधी त्याने आपल्या मेव्हण्याला त्या सोंगाच्या आत घातलं. चैत्रातलं ऊन, फोम आणि गोणपाट. मेव्हणा अर्ध्या तासात ओकला आणि मोटारसायकलवर बसून पळाला. उकाड्यात, धुळीत दिवसभर उभं राहायची सवय असलेला माणूस गावात एकच होता. दिवसभर पिठाने पांढरा असणारा तू त्या दिवशी संध्याकाळी हिरवा झालास.

पण शेपूट लुळं पडत होतं. पेंढा भरला की टोचायचा. मग तू माझ्या दारात.

"वहिनी, जुनी गादी शे का?"

होती. माझ्या लग्नातली. देशी कापसाची, पण गोळे झालेली. मी तुला ती शहाद्याच्या पिंजाऱ्याकडे नेऊन पिंजून आणायला सांगितलं होतं. तू म्हणालास, "लई जास ना. तोवर जरा शूटिंगमा वापरी लेस." आणि मी बी.ए. झालेली बाई, 'बरं' म्हणाले. गादीचा कापूस शेपटात गेला.

त्यानंतर 'खवल्या रिटर्न' आला. मग 'खवल्याची सासरवाडी', ज्यात जनावराला सासू होती. 'खवल्या चालला सुरतला' मध्ये तू एसटीच्या टपावर बसलास आणि खाली उतरताना गुडघा कायमचा घालवलास. दर वेळी गोळ्या झाडायच्या, विळे मारायचे, आणि शेवटी पाण्यातून बुडबुडे. बुडबुडे म्हणजे पुढचा भाग. माझी गादी दर वेळी पाण्यात.

पोरं खवल्याचे व्हिडिओ मोबाईलवर पाहायची, लग्नात त्याच्या चालीने नाचायची. तुला मात्र कोणी ओळखत नव्हतं. तुझी नात सुरतहून आखाजीच्या सणाला आली होती तेव्हा तू तिला सांगितलंस, की तो मीच. ती म्हणाली, "खोटं. तुम्ही पीठवाले आजोबा." तू हसलास, पण त्या दिवशी तू माझं दळण जाडं काढलंस. मला भाकरी थापता येईनात.

तेव्हापासून तुझा एकच घोषा. खवल्याला मरू द्या. मेल्यावर जनावराचा माणूस होतो, आपल्याकडच्या सगळ्या पिच्चरात होतो. म्हणजे एकदा तरी पडद्यावर तुझं तोंड दिसेल. चंदन सातव्या भागाला कबूल झाला. नाव 'खवल्याचा शेवट'. पण त्याने लिहिलं काय? पेंढ्याचा पुतळा, त्यावर खवल्याचं मुंडकं, आणि काठावर होळी. तू त्यात नाहीसच.

चक्की भरून बायका होत्या तेव्हा तू आलास आणि माझ्यावर ओरडलास, जणू मीच लिहिलं होतं. "वहिनी, मन्हा बदलामा पेंढा मरी ऱ्हायना!"

मी म्हटलं, "मग पेंढ्याचं तोंड दाखवा." बायका हसल्या. तू हसला नाहीस.

मग श्रावणात कानबाई देवी बसल्या. तुमच्या घरी दरवर्षी बसतात, नैवेद्याच्या रोटांचा वास गल्लीभर. नव्याने रंगवलेलं खवल्याचं मुंडकं देव्हाऱ्याशेजारी कोठीवर वाळत होतं. पाहुण्यांसमोर हे थोबाड बरं दिसत नाही, म्हणून निर्मलाबाईने त्यावर जरीची ओढणी टाकली. झालं. दर्शनाला बायका आल्या. एका अंगाला कानबाई सजलेली, दुसऱ्या अंगाला ओढणीखाली कोणीतरी बसलेलं. कोणाही शहाण्या बाईला काय वाटेल? की कानबाईजवळ तिच्या जोडीची रानबाई बसवली आहे. गल्लीतल्या शोभाबाईने सगळ्यांत आधी ओटी भरली. तिच्यामागे रांग लागली. नारळ, तांदूळ, खण, आणि ओढणीवरूनच हळदकुंकू. निर्मलाबाई चुलीशी होती, तिला पत्ता नाही. मी पाहत होते. मला वाटलं, तुम्ही यंदा रानबाई थोडी मोठी बसवली.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाला ओढणी उचलली, तर आतून दात.

"ती रानबाई नही वं माय," निर्मलाबाई कपाळ बडवत म्हणाली, "यास्नं मुंडकं शे!"

शोभाबाई चुकली असं शोभाबाई कधी म्हणाली आहे का? ती तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ओटी भरी म्हंजे बाई व्हयनी. आते जे शे ते शे." आणि पुढे चंदनकडे वळून, "ओटी भरेल बाईले जाळशात? तुन्हं तोंड जळो!"

चंदन रडकुंडीला आला. पुतळा बांधून तयार होता, रॉकेल आणलं होतं, चातुर्मास संपला की लग्नाच्या तिथी सुरू होणार होत्या. तो माझ्याकडे आला, कारण गावातलं काहीही अडलं की शिकलेल्या म्हातारीकडे येतात, ती ओरडली तरी.

"काकी, पिच्चर पुरा खल्लास व्हई गया."

"काही खल्लास नाही," मी म्हटलं. "मुंडकं जाळू नका ना? मग आधी ते याच्या डोक्यावरून उतरवा, बायकांच्या हातात मानाने द्या, आणि खाली जो उरतो त्याला मारा. त्याची कोणी ओटी भरलेली नाही."

तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी तुला आमदारकीचं तिकीट दिलं.

प्रकाशा गावाजवळ तापीच्या काठावर तुला मारलं. मी खुर्ची घेऊन गेले होते. शोभाबाई पदरात मुंडकं घेऊन बसली होती. तू गुडघाभर पाण्यात आडवा झालास, अंगावर हिरवे खवले, वर तुझं स्वतःचं तोंड, दाढी केलेलं, तेल लावलेलं. मेलेल्या माणसाने तेल का लावावं, हे चंदनने विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. तू मेला होतास.

चौकात पडदा बांधून पिच्चर दाखवला. नातीला सुरतहून बोलावून घेतलं होतंस, पुढे बसवलं होतंस. मुंडकं उतरलं, तुझं तोंड पडदाभर झालं, आणि पोरगी उभी राहिली. "आजोबा!" एवढंच. पुरे होतं, नथ्थू. तिथे थांबायचं होतं. पण पडद्यावर तुझी डावी पापणी हलली.

अख्खा चौक उठला. "जित्ता शे! नथ्थूभाऊ जित्ता शे!" शिट्ट्या, टोप्या हवेत.

"माशी बठनी व्हती, वहिनी. मायनी आन," तू मला म्हणालास. शपथ घेताना तू हसत होतास.

चंदनने तिथेच माईक घेतला. "डोळा हालना म्हंजे खवल्या मरना नही!" आठवा भाग जाहीर.

दुसऱ्या दिवशी मी कात्री घेऊन चक्कीवर आले. खवल्या संपला होता, गादी माझी होती. तू कात्री माझ्या हातातून काढून घेतलीस. "आते कसं उसवू? आठवा भागमा लागी. आते तर तोंडबी शे मन्हं." मग माझा चेहरा पाहून म्हणालास, "येत्या आठवडामा शहादाले जास, पिंजारीले इचारी येस." मी म्हटलं, निदान त्याचं दुकान कोणत्या वारी बंद असतं ते तरी विचारून ये, म्हणजे फुकट खेप नको.

पोळ्यानंतर तू चक्कीच्या पट्ट्याजवळ बसलेला सापडलास. छातीत कळ आली होती. या वेळी चंदनचा कॅमेरा नव्हता.

तिरडी उचलायला लोक वाकले, तर शोभाबाईने हात आडवा केला. "जरा थांबा रे. देखू द्या." आणि नथ्थू, कोणीही तिला वेड्यात काढलं नाही. सगळे थांबले. सगळे तुझ्या डाव्या डोळ्याकडे पाहत होते, मीसुद्धा. माशी आली, पापणीवर बसली, चालली, परत बसली. तू हलला नाहीस. काठावर मात्र तुला एकाच माशीचा एवढा त्रास झाला होता.

आठवा भाग होणार नाही असं चंदन म्हणतो. तोंड दिसलेला खवल्या दुसऱ्या माणसाला घालता येत नाही म्हणे. मुंडकं शोभाबाईकडे कोठीवर आहे.

मांजराची पिल्लं मोठी झाली की शेपूट मोकळं होईल. कात्री निर्मलाबाईने परत दिली आहे. शहाद्याची जीप माझ्या दारावरून जाते. पण पिंजाऱ्याचं दुकान कोणत्या वारी बंद असतं, तेवढंही तू विचारून ठेवलं नाहीस.